एकट्याने बांधलेला बस्ता

चूक माझी होती. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सारं मोकळेपणाने लिहिता येईल. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही नवराबायको लातूरला व्याह्यांकडे गेलो होतो. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या सकाळी मी एकटाच बाजारात गेलो आणि कुणालाही न विचारता आमच्या बाजूची सगळी कापडखरेदी उरकून आलो. चिपळुणात हे ऐकल्यावर लोक विचारतात, "मग बिघडलं काय? काम तर केलंस." त्या दिवशी दुपारी जेवणाची ताटं मांडेपर्यंत माझंही हेच मत होतं.

आमच्याकडे लग्नाचे कपडे ज्याला जसा वेळ होईल तसे आणले जातात. मराठवाड्यात बस्ता हा एक सोहळा असतो. दोन्ही घरची माणसं एकत्र दुकानात जातात, पांढऱ्या गादीवर ऐसपैस बसतात, चहा होतो, एकमेकांच्या अंगावर कापड लावून बघतात, थट्टा करतात, रुसतात, आणि शेवटी सगळ्या कपड्यांचं गाठोडं बांधून त्याला हळदकुंकू वाहतात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी विचारलंच नव्हतं.

मी चिपळूणजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. मराठवाड्याचा नकाशा मुलांकडून कितीतरी वेळा भरून घेतला, पण स्वतः कधी तिकडे फिरकलो नव्हतो. मुग्धा, आमची एकुलती एक मुलगी, फिजिओथेरपिस्ट झाली, नांदेडच्या एका दवाखान्यात लागली, आणि तिथे तिने लातूरच्या शिवानंदशी लग्न ठरवलं. व्याही-विहीण साखरपुड्याला चिपळूणला येऊन गेले होते. त्यांचं घर आम्ही पाहिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथेच कबूल करतो. शिवानंदचे वडील, अप्पा, लातूरच्या एका मोठ्या कापडदुकानात सेल्समन आहेत. पंचवीस-तीस वर्षं एकाच दुकानात. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी मात्र सांगितलं होतं, "व्याही कापडाच्या व्यापारात आहेत." वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते मी पुन्हा पुन्हा वापरलं.

नांदेड

लातूरच्या आधी आम्ही मुग्धाकडे नांदेडला उतरलो. मार्गशीर्षातली कोरडी थंडी होती. कोकणातल्या माणसाला तिची सवय नसते. ओठ फुटले, पण मन प्रसन्न झालं. मुग्धा आणि शिवानंद आम्हांला गुरुद्वाऱ्यात घेऊन गेले. बाहेरच्या बाजारात मी जो अडकलो तो निघायलाच तयार नाही. दोऱ्यांत ओवलेली लोखंडी कडी, लाकडी कंगवे, आणि पगडीच्या कापडाची दुकानं. त्या दुकानांतले रंग मी माझ्या गावच्या नावांनी ओळखत गेलो. हा आमसुली, हा पिकल्या काजूचा, हा पावसातल्या शेवाळाचा.

एका दुकानात पांढऱ्या दाढीचे सरदारजी बसले होते. मी मनातल्या मनात हिंदीची जुळवाजुळव करत होतो, तर तेच म्हणाले, "बोला की साहेब, किती मीटर फाडू?"

"तुम्ही मराठी छान बोलता," मी म्हणालो.

"मग काय करावं? आज्याचा आजा इथंच ऱ्हायला. आमी नांदेडचेच." मग त्यांची नजर पिशव्या धरून उभ्या असलेल्या शिवानंदकडे गेली. "जावाई हाय का?"

"व्हायचाय," नीला, माझी बायको, म्हणाली.

"अन् आतापासूनच वझं उचलायला लावलं? बेटा, अजून टाइम हाय, पळ."

शिवानंद लाजला. हा मुलगा लाजतो, हे मला तेव्हापासून आवडलं.

लंगरमध्ये पंगतीत बसलो. वाढणारा तरुण रोटी घेऊन आला, मी सवयीने एक हात पुढे केला. तो थांबला. रोटी त्याच्या हातात तशीच. मला वाटलं, माझ्यापुढे ताटच मांडायचं राहिलं. तो हळूच म्हणाला, "दोन हात करा काका." मी ओंजळ केली, मग रोटी पडली. आमच्याकडे पाहुणा "पुरे, पुरे" म्हणत हात आडवा करतो आणि वाढणारा तरीही वाढतो. इथे मागायचं आणि दोन्ही हातांनी घ्यायचं. डाळ इतकी चवदार होती की मी रोटीसाठी चार वेळा ओंजळ केली.

संध्याकाळी इतवारा बाजारात हिंडलो. एका अत्तरवाल्याने माझ्या मनगटाला खसाचं बोट लावलं आणि पैसे घेतले नाहीत. "वास ऱ्हाईल तवर आमची याद करा," म्हणाला. मला बाजार आवडतो हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळलं. चिपळूणच्या बाजारात मी यादी घेऊन जातो आणि घड्याळ बघत परततो.

रात्री जेवताना शिवानंद म्हणाला, "अप्पांचा दोनदा फोन येऊन गेला. गुरुवारी बस्ता. लई तयारी करून राहिले ते."

"गुरुवारी ना? होऊन जाईल," मी म्हणालो.

मुग्धा माझ्याकडे बघत होती. "बाबा, आम्ही गुरुवारी सकाळी येतो. तोवर तिथे काही उरकू नका हं."

सगळे हसले. मीही हसलो. उरकणं हा माझा स्वभाव आहे. परीक्षेचे पेपर मी घरी नेत नाही, शाळेतच तपासून टाकतो. हा गुण आहे, असं मला तोपर्यंत वाटत आलं होतं.

लातूरच्या वाटेवर

एसटी लोह्यावरून अहमदपूरकडे निघाली. कोकणात डोंगर सतत आडवा येतो, चार घरांपलीकडचं दिसत नाही. इथे नजर अडायला काहीच नव्हतं. काळ्या जमिनीत हिरवी तूर, मध्येच ज्वारीचा पट्टा, आणि क्षितिजापर्यंत आभाळ. मी नीलाला बेसॉल्ट, कापसाची काळी मृदा वगैरे सांगत होतो. तिने खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून घेतले.

अहमदपूरच्या स्टँडवर सुशीला खाल्ला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा, वर डाळव्याची पूड भुरभुरलेला. आमच्या पोह्यांत ओलं खोबरं असतं म्हणून मी आजवर मिरवत होतो. आता मिरवणार नाही.

परत गाडीत चढताना कंडक्टर ओरडला, "ही पिशवी कुणाची? काय सांडलं बाबा, कुणाला मारून आलाव का काय?"

माझ्या बॅगेखाली तांबडं थारोळं झालं होतं. विहीणबाईंसाठी आणलेल्या आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाच्या, बाटलीचं बूच निघालं होतं. माझे सगळे शर्ट गुलाबी-तांबडे झाले होते. नीलाच्या साड्या वेगळ्या बॅगेत होत्या, त्या वाचल्या. ती म्हणाली, "बूच मी घट्ट लावते म्हटलं होतं. तुला घाई."

अप्पांचं घर

घर गावभागातल्या एका बोळात. दारात अप्पा उभे होते. उंच, सडसडीत, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. त्यांनी हात जोडून "शरणार्थ" म्हटलं, हा लिंगायतांचा नमस्कार; मीही म्हटलं. मागे विहीणबाई महादेवीअक्का, आणि त्यांच्या मागे कमरेवर हात ठेवून अप्पांची थोरली बहीण, सुगलाआत्या. आत्याबाईंनी माझ्या बॅगेकडे आणि तिच्यातून डोकावणाऱ्या गुलाबी बाहीकडे पाहिलं.

"पाव्हणं, होळीला अजून लई दिस हायेत की वं!"

सगळं घर हसलं. अप्पांनी आतून स्वतःचा धुतलेला पांढरा शर्ट आणून दिला. तो मला दंडांत घट्ट आणि खाली लांब झाला. "ऱ्हाऊ द्या अंगात," ते म्हणाले. "उद्या सकाळी गोलाईत या दुकानावर. च्या घिऊ. तुमच्या मापाचा शर्ट बगू."

त्या घरात मला दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. नळाला रोज पाणी येत नाही, हे अक्कांनी सांगितलं नाही. मी भरपूर पाणी ओतून आंघोळ करून आलो आणि त्या रिकाम्या पिंपात डोकावताना दिसल्या तेव्हा कळलं. दुसरी म्हणजे शेंगदाण्याची चटणी आणि दही घालून कडक भाकरी खायची ती चुरून नाही, मोडून.

रात्री अप्पा नीलाला म्हणाले, "ताई, गुरवारी तुमी माझ्या बाजूला बसा. मी कापड ओढून दाखवनार न्हाई, आदीच सांगतो. मी पसंत करनार." ते हे असं म्हणाले की जणू एखाद्या तीर्थाला निघाले होते. मला ते ऐकू आलं. त्याचा अर्थ मात्र मी लावला नाही.

गोलाई

सकाळी अप्पा लवकर गेले. नीलाचा गुडघा दुखत होता, ती अक्कांबरोबर शेंगा फोडत बसली. मी अप्पांचा शर्ट घालून निघालो.

लातूरची गोलाई शब्दांत मांडणं भूगोलाच्या शिक्षकालाही अवघड आहे. मधोमध देवीचं मंदिर, त्याच्याभोवती वर्तुळात फिरलेली दुमजली दुकानं, आणि त्या वर्तुळातून सूर्याच्या किरणांसारखे सुटलेले सोळा रस्ते. प्रत्येक रस्त्याचा माल वेगळा. एकीकडे सोनं, एकीकडे भांडी, एकीकडे चपला, एकीकडे नुसती मिरची. मिरचीच्या रस्त्यात शिरलो आणि शिंकत बाहेर आलो. दोरखंड, बैलांच्या गळ्यातल्या रंगीत माळा, गुळाच्या ढेपा, त्यांवर घोंगावणाऱ्या माशा. एका गाड्यावर निलंगा राईस खाल्ला, पिवळाजर्द, तेलात चमकणारा, वर कांदा. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तर गाडीवाला म्हणाला, "मालक, रडायला काय झालं, अजून प्लेट हाय!"

दिशा मला कधी चुकत नाहीत असं मी वर्गात सांगतो. इथे मी पूर्वेच्या रस्त्याने निघालो असं समजून चाललो आणि वळून आलो तर पुन्हा तेच मंदिर. दुसऱ्या रस्त्याने गेलो, पुन्हा मंदिर. एका बांगडीवालीने मला तिसऱ्यांदा बघितलं. तिच्या गाड्यावर हिरव्या, मोरपंखी, लाखेच्या बांगड्यांचे मनोरे होते.

"काय हुडकायलाव वं बाबा?"

"कापडाची लाइन."

"मंग देवीकडं पाठ करा अन् डाव्या हाताला सरळ जावा. सारखं देवीकडं कामून यायलाव? तिनं काय धरून ठिवलंय का?"

तसा गेलो. आणि अप्पांचं दुकान समोर आलं.

मोठं दुकान. काचेचा दरवाजा उघडाच होता. आत पाच-सहा बायका गादीवर बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर अप्पा उभे होते. त्यांनी एक जांभळी साडी उलगडून तिचा पदर स्वतःच्या खांद्यावरून घेतला होता, निऱ्या कमरेशी धरल्या होत्या, आणि हळूहळू वळून त्या बायकांना काठ दाखवत होते. एक मुलगी खुदकन हसली. अप्पाही हसले आणि दुसऱ्या बाजूने वळले.

हे काम सगळीकडचे सेल्समन करतात. चिपळुणातही करतात, मी पाहिलं आहे. पण हा माझा व्याही होता. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आत जायचं म्हणजे त्या बायकांसमोर, मालकासमोर, "या व्याहीबुवा" ऐकायचं. उद्या तर घरादारासकट त्याच गादीवर बसायचं. मी उंबऱ्यापाशी क्षणभर थांबलो आणि वळलो. त्यांनी मला पाहिलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या वळणावर एका तरुण दुकानदाराने हाक मारली. "या की साहेब, घिऊ नका, बगून तर जावा." मला शर्ट हवा होता. शर्ट घेतला. तो म्हणाला, "लग्नकार्य हाय का घरात?" हो म्हटलं. त्याने चहा मागवला. मग जो विचार आला तो मला फार शहाणपणाचा वाटला. इथेच सगळं घेऊन टाकलं तर उद्या त्या दुकानात बसायचं कामच राहणार नाही. अप्पांनाही आपल्या मालकासमोर संकोच नको. नवऱ्यामुलाचा पोशाख, अप्पांना धोतर आणि फेटा, अक्कांना साडी, आत्याबाईंना साडी, शिवानंदच्या बहिणींना, मेव्हण्यांना. मी पटापट बोट दाखवत गेलो. दुकानदार एकदा थांबला.

"घरचं कुनी आलं न्हाई का संगं?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

त्याने पुढे विचारलं नाही, गठ्ठे बांधायला घेतले. रिक्षात गठ्ठ्यांच्या मधे बसून मी परत निघालो तेव्हा मला, खरं सांगतो, फार हलकं वाटत होतं.

दुपार

अप्पा जेवायला घरी आले होते. मी सगळं त्यांच्यासमोर सतरंजीवर मांडलं. "अप्पा, हे बघा. तुमचा उद्याचा त्रास वाचवला."

नीलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. अक्का चुलीकडून बाहेर आल्या आणि दाराशी थांबल्या.

अप्पांनी धोतराची घडी उचलली. अंगठ्याने पोत चाचपला. अक्कांची साडी उलटून काठ बघितला. सगळं एकेक करून पाहिलं, पुन्हा पहिल्यासारखं घडी घालून ठेवलं.

"कापड चांगलं हाय," ते म्हणाले. "तुमाला फसिवलं न्हाई."

मग जेवले. हुग्गी केली होती, खपली गव्हाची गोड खीर. माझ्या पानात अक्कांनी तूप वाढलं. अप्पा हात धुऊन चप्पल घालून दुकानावर गेले. जेवणानंतर त्यांची वामकुक्षी असते, ती घेतली नाही.

सुगलाआत्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"पाव्हणं, एक इचारू?"

"विचारा ना."

"लग्न बी उद्या सकाळी उरकून घेताव का? तुमी एकलेच जावा. आमाला फोटू धाडा, आमी हितूनच अक्षता टाकताव."

"आत्याबाई, मला वाटलं अप्पांना संकोच…"

"कशाचा संकोच?"

मी सतरंजीवरच्या धोतराची घडी उगाच सरळ केली.

"तीस वरसं त्यो दुसऱ्याचे बस्ते उघडून ऱ्हायला," आत्या म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "कुणाची लेक, कुणाची सून. हा हुबा, ते बसलेले. थोरल्या दोघी लेकींच्या लग्नात करोना का काय ते, दारातच अक्षता पडल्या, बस्ता कसला न् काय. हे शेवटचं लेकरू. महिना झाला सांगून ऱ्हायलाय, या बारीला मी बसनार, दुकानातले पोरं माझ्याम्होरं साड्या टाकनार, अन् मी म्हननार, ही नको, दुसरी दावा. मालकानं गादीला नवी खोळ घातली. अन् तुमी गेलाव, समद्याला सोडून, दुसऱ्याच्या दुकानात!"

"मला हे कुणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"तुमी कुनाला इचारलं?"

अक्का पुढे झाल्या. "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या. जेवल्यात नुकतेच." आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. मला पिंप आठवलं. मी पाणी जपून प्यायलो.

संध्याकाळी अप्पा आले तेव्हा मी अंगणात वाट बघत होतो. मी बोललो. बराच वेळ बोललो. आमच्याकडची पद्धत कशी वेगळी, माझा हेतू काय होता, मुग्धाने कसं नीट समजावलं नव्हतं. अप्पा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हाव की. तुमाला कसं म्हाईत असनार," आणि हातपाय धुवायला गेले.

नीला मागे उभी होती. "झालं समाधान?" तिने विचारलं.

"मी सगळं सांगितलं त्यांना."

"खुलासा दिलास. शाळेत मेमो आल्यावर देतोस तसा."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आमच्या. या काळात मी तिला किती खुलासे दिले असतील, आणि तिने ते फाइलला लावावेत तसे मुकाट्याने घेतले असतील, हे त्या अंगणात माझ्या लक्षात आलं. मी खोटं बोलत नाही, याचा मला अभिमान आहे. पण खरं सांगताना मी नेहमी एखादं खरं खिशात ठेवतो. या वेळी खिशात ठेवलेलं होतं ते त्या काचेच्या दरवाजाचं.

गुरुवार

सकाळी मुग्धा आणि शिवानंद आले. नीलाने त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण मुग्धा माझ्याशी बोलली नाही. शिवानंदने मात्र माझ्या पाया पडून विचारलं, "प्रवास बरा झाला का?" त्याच्या जागी मी असतो तर विचारलं नसतं.

अप्पा रोजच्यासारखे कामावर गेले होते. बस्ता झाला, मग रजा कशाला, असं अक्कांना म्हणून.

"गोलाईत येतेस?" मी नीलाला विचारलं.

"काल तू एकटा गेला होतास," ती म्हणाली. "आजही एकटाच जा. तुझं झालं की फोन कर, मग आम्ही सगळे येतो. नाही झालं तर येत नाही."

या वेळी मी रस्ता चुकलो नाही. मिरचीच्या रस्त्यावर शिंका आल्या, बांगडीवालीने ओळखून हात हलवला, मी थांबलो नाही. दुकानाचा काचेचा दरवाजा आजही उघडा होता. मी चपला काढल्या आणि आत गेलो.

उजवीकडच्या गादीला कोरी पांढरीशुभ्र खोळ होती, लोडांनाही. तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. डावीकडच्या गादीपाशी अप्पा एका म्हाताऱ्या बाईंना आणि त्यांच्या नातीला साड्या दाखवत होते. गल्ल्यावरच्या मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"या पाव्हणं. गादी तुमच्यासाठीच घातली व्हती. म्हनलं, सोयरे लांबून येनार, मऊ पायजे." ते एवढंच बोलले. कपाटांपाशी उभे असलेले तीन-चार सेल्समन आपापल्या साड्यांच्या घड्या नीट करू लागले. त्या नीटच होत्या.

"बसा, व्याहीबुवा," अप्पा म्हणाले. "गिऱ्हाइक हाय."

मी कोऱ्या गादीवर बसलो नाही. खाली फरशीवर बसलो. म्हातारीने नातीसाठी डाळिंबी साडी धरली, नातीला ती पसंत नव्हती, दोघींची हुज्जत चालली. अप्पांनी तो पदर खांद्यावर घेतला, हात लांब करून काठ उजेडात धरला. रंग खरोखर उठून दिसला. म्हातारी म्हणाली, "बग, आता कशी दिसती! त्यांच्या अंगावर बी शोभून ऱ्हाइली." नात हसली आणि हो म्हणाली. काल मला शरम वाटली होती ती याची.

दोघी पैसे द्यायला गल्ल्याकडे वळल्या. अप्पा साडीची घडी घालत माझ्याकडे आले.

"च्या सांगू का?"

"अप्पा, कालचं ते कापड…" मी सुरू केलं. "मला बस्त्याची पद्धत माहीत नव्हती…"

"कापडाचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "कापड कुठनं बी घ्या, कापडच असतंय. काल सकाळी तुमी त्या दारात हुबा व्हता. माझाच शर्ट व्हता की अंगात, लगेच वळकलं. मी हात वर केला. तुमी वळून गेलाव."

म्हातारी पैसे मोजायची थांबली होती. मी पहिल्यांदा इकडेतिकडे पाहिलं, सवयीने, आणि मग पाहायचं सोडलं. उठून उभा राहिलो. त्यांच्या हातात घडी होती म्हणून त्यांचे हात धरता आले नाहीत, मीच माझे जोडले.

"मी तुम्हाला पाहिलं होतं, अप्पा," मी म्हणालो. "तुमच्या खांद्यावर पदर होता आणि मला लाज वाटली, म्हणून मी वळलो. तुमचा संकोच वाचवायला नव्हे, माझी लाज झाकायला मी दुसऱ्या दुकानात गेलो. गावीही मी तुमचं काम लपवलंय. सगळ्यांना सांगितलंय की तुम्ही व्यापारात आहात. तुम्ही या गादीवर बसायची वाट बघत होता आणि तो दिवस मी तुमच्याकडून काढून घेतला. काल मी नुसतं कापड आणलं, बस्ता अजून व्हायचाय. तुम्ही बसलात तर तो आज होईल, नाही बसलात तरी माझी तक्रार नाही. माझं चुकलं. मला माफ करा."